दोन पाण्यांतले बटाटे

सोमवारी संध्याकाळी मी आणि माझा जावई विलास, आम्ही दोघांनी बटाटे चिरले. सानपाड्याच्या घरात, ओट्यासमोर फरशीवर बसून. तो सालं काढत होता, मी फोडी करत होतो. फोडी पातेल्यात टाकल्या, वर पाणी ओतलं, झाकण ठेवलं. आम्ही मिळून केलेलं शेवटचं काम ते.

ज्याच्या किडन्या गेल्या त्याला बटाटा असाच खावा लागतो. बटाट्यात पोटॅशियम असतं. पोटॅशियम म्हणजे एक क्षार. तुमच्या-माझ्या अंगातून तो लघवीवाटे निघून जातो. किडनीच्या पेशंटच्या रक्तात तो साठतो, आणि फार साठला की हृदय बंद पाडतो. म्हणून बारीक फोडी करायच्या, पाण्यात ठेवायच्या, ते पाणी फेकायचं, दुसऱ्या पाण्यात ठेवायच्या, तेही फेकायचं, मग शिजवायचं. उरतो तो नावाला बटाटा. चव पाण्याबरोबर गेलेली असते.

मी माथाडी होतो. जन्मभर मार्केटात कांद्या-बटाट्याची पोती पाठीवर वाहिली. म्हातारपणी तोच बटाटा असा धुवत बसायची वेळ आली.

"मामा, आज हात लई जड झालेत," विलास म्हणाला आणि सुरी खाली ठेवली.

"काम दिसलं की तुझे हात जडच होतात," मी म्हणालो.

तो हसला. त्या दिवशी तो खुशीत होता. माझ्या लक्षात राहिलं ते त्याचं हसणं. हात जड झालेत हे ध्यानात ठेवायला हवं, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. आता तुम्हाला सांगतो. डायलिसिसच्या मशीनवरच्या माणसाचे हातपाय अचानक जड झाले तर चेष्टा करू नका, उद्याची वाट बघू नका. उचला आणि दवाखान्यात न्या.

आता पहिल्यापासून सांगतो.

विलास कळंबोलीला लोखंडाच्या मार्केटात क्रेन चालवायचा. उन्हात, धुळीत, केबिनमध्ये बसून. घरी आल्यावर पाय सुजलेले दिसायचे. बसून काम, त्यानं होतं, असं आम्ही सगळेच म्हणायचो. मग सकाळी दात घासताना उलट्या सुरू झाल्या. पित्त असेल म्हणून गोळ्या खाल्ल्या. एक दिवस यार्डात चक्कर आली तेव्हा मालकानं जबरदस्तीनं वाशीच्या दवाखान्यात पाठवलं.

तिथं रक्त घेतलं. क्रिएटिनिन नावाची तपासणी असते. रक्तात किती कचरा तुंबलाय ते त्यात कळतं. मग सोनोग्राफी झाली. डॉक्टर तरुण होता, कागदावरची नजर न काढता बोलला.

"दोन्ही किडन्या आकसल्यात. बीपीमुळे. कधी बीपी तपासलं होतं?"

"वेळ कुठं होता साहेब," विलास म्हणाला.

"आता वेळच वेळ आहे," डॉक्टर म्हणाला. "डायलिसिस लागेल. आठवड्यातून तीन दिवस."

माझी मुलगी मंदा शेजारी बसली होती. तिनं विचारलं, किती महिने? डॉक्टरनं पहिल्यांदा वर बघितलं. "किडनी बदलेपर्यंत," तो म्हणाला. "नाहीतर कायम."

बाहेर आल्यावर मंदा भिंतीला टेकून रडायला लागली. विलासनं तिच्या पर्समधून रुमाल काढून दिला आणि म्हणाला, "चल, ऋतूचा क्लास सुटायची वेळ झाली. रडकं तोंड घेऊन जायचं नाही." ऋतू म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी.

डायलिसिस म्हणजे किडनीचं काम मशीननं करायचं. अंगातलं रक्त नळीनं बाहेर काढतात, मशीन ते धुतं, परत आत सोडतं. त्यासाठी हातात फिस्टुला करतात. म्हणजे आतली धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात. त्या जागी हात ठेवला की आत घुरघुर लागते, मांजर मांडीवर बसून घुरघुरतं ना, तशी. सिस्टरनं सांगितलं होतं, रोज हात लावून बघायचं, घुरघुर चालू पाहिजे. ते काम मी माझ्याकडे घेतलं. सकाळी चहाच्या आधी मी त्याच्या हातावर हात ठेवायचो. "चालू आहे का इंजिन?" तो विचारायचा. "चालू आहे," मी म्हणायचो.

मंगळवार, गुरुवार, शनिवार. मंदा नेरूळला एका शाळेत मावशीचं काम करते, तिला रोज सुट्टी मिळायची नाही. मीच जायचो सोबत. बाहेर बाकडी होती. वर टीव्ही. त्यावर सदा स्वयंपाकाचे कार्यक्रम. समोर बसलेल्या कोणाच्याच माणसाला त्यातला एक घास चालायचा नाही, तरी सगळे बघायचे. आत जाताना वजन करायचे. एका मशीनपासून दुसऱ्या मशीनच्या दिवसापर्यंत जेवढं वजन वाढलं तेवढं पाणी प्यालं, असा हिशोब. पेशंट सिस्टरला सांगायचे, नाही हो, घोटभरच घेतलं. मी मार्केटातला माणूस. माणूस काहीही बोलो, काट्यापुढं चालत नाही.

लघवी होत नाही, म्हणून पाणीही बेतानं. दिवसभराला एक छोटी बाटली, चहा धरून. उन्हाळ्यात विलास नुसत्या चुळा भरायचा. बर्फाचा खडा तोंडात धरायचा. ऋतू समोर असली की तहान हा शब्द कधी काढला नाही त्यानं.

आणि याच माणसानं मला या घरचं पाणी पाजलं होतं. माझी बायको गेली तेव्हा मी तुर्भ्याला एकटा पडलो. मुलगा नाही. मंदा म्हणाली, आप्पा, आमच्याकडे चला. मी नाही म्हणालो. आमच्या साताऱ्याकडं मुलीच्या घरी बाप पाण्याला शिवत नाही, राहणं तर लांबच. विलास स्वतः आला, माझी वळकटी खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "मुलीच्या घरचं नका पिऊ. माझ्या घरचं प्या." जावयाला अहो-जाहो करायची रीत, तीही त्यानं मोडायला लावली. म्हणाला, तुम्हाला मुलगा नाही, मला बाप नाही, मग अहो कशाला?

त्याच्यापुढं घटाघटा पाणी प्यायची मला चोरी वाटायची. म्हणून मी तांब्या घेऊन बाहेर जिन्यात जायचो, दार ओढून घ्यायचो आणि तिथं प्यायचो. एकदा त्यानं पकडलं. "मामा, घरात प्या की," म्हणाला. "मला बघायला तरी मिळंल." त्यानंतरही मी जिन्यातच पीत राहिलो.

नवरा म्हणून, बाप म्हणून तो कसा होता ते सांगतो. लोक मयताला आले की म्हणतात, चांगला होता. सगळेच चांगले असतात मेल्यावर. विलास मशीनच्या दिवशी सुद्धा निघण्याआधी मंदाचा डबा भरायचा. मशीनवर एक हात बांधलेला असायचा, तर दुसऱ्या हातानं ऋतूला फोन लावून उठवायचा, कारण तिला गजर ऐकू येत नाही. परत आल्यावर अंगात जीव नसायचा. तरी ती अभ्यास करत असली की तिच्याशेजारी आडवा पडायचा. ती मोठ्यानं वाचायची, हा हूं हूं म्हणायचा. त्याला त्यातलं काडीचं कळत नव्हतं. हूं थांबला की ती ओळखायची, पप्पा झोपले. मग पुस्तक मिटून त्याच्या अंगावर चादर टाकायची.

मशीन नसलेल्या दिवशी तो यार्डात जायचा. क्रेन सुटली होती, गेटवर गाड्या बघायचं काम मालकानं दिलं. मंदा नको म्हणायची. "घरात बसलो तर मी नुसता पेशंट," तो म्हणायचा.

आता किडनी बदलण्याचं. मंदाला साखर, तिची चालणार नाही म्हणाले. मी माझी देतो म्हणालो. डॉक्टर हसला नाही, एवढं त्याचं बरं. "आजोबा, तुमचं वय बघता तुमचीच जपा. आणि सासरा जवळच्या नात्यात बसत नाही, त्याला वेगळी परवानगी लागते." मी म्हणालो, दोन वेळ एका ताटातलं खातो आम्ही, अजून किती जवळचं पाहिजे?

नात्यात बसत होता त्याचा थोरला भाऊ. नाव लिहीत नाही, वाचेल तेव्हा त्याला कळेल. बाप लवकर गेला म्हणून यानंच विलासला वाढवलेला, कळंबोलीला कामाला लावलेला. रक्तगट जुळला. तो तयार झाला, पहिल्या तपासण्या केल्या, आणि मग त्याचा फोन लागेना. शेवटी त्याच्या बायकोनं उचलला. म्हणाली, "आमच्या पदरात दोन मुली आहेत, ह्यांना काही झालं तर?"

विलास म्हणाला, बरोबर आहे वहिनीचं. मीही सांगतो, बरोबरच होतं. शरीर ज्याचं त्याचं. कोणी नाही म्हणालं तर त्याच्यावर राग धरू नका, तुमच्यावर ती वेळ आली तर. नाही म्हणणं मला समजतं. तोंड लपवणं समजत नाही. त्यानंतर दोन वर्षं तो माणूस या घराची पायरी चढला नाही. कळंबोली काय परदेशात आहे? दिवाळीला विलास फोन करायचा. "दादा कामात असंल," म्हणायचा. मरण पावलेल्या माणसाची किडनी मिळते त्या यादीत नाव घातलं आणि आम्ही वाट बघत राहिलो.

त्या सोमवारी मला डोळ्याच्या दवाखान्यात जायचं होतं, मोतीबिंदूसाठी. बटाटे भिजवायचं काम माझं, पण मी सकाळीच निघालो. मंदाला शाळेची घाई. तिनं एकाच पाण्यात फोडी ठेवल्या, उपसल्या आणि भाजी करून गेली. ऋतू क्लासला. विलास त्या दिवशी यार्डात गेला नाही, घरी एकटाच.

मी चारच्या सुमाराला परत आलो तर गडी खुशीत.

"मामा, दादा आला होता!"

"कशाला?"

"पोरीचं लग्न ठरलं. आमंत्रण द्यायला. म्हणला, अक्षतांच्या वेळी तू माझ्या शेजारी उभा राहायचं."

"उभा राहशील की. खुर्ची मागून घे," मी म्हणालो.

"तुम्ही पण ना मामा. आला ना तो? झालं तर मग."

मग आम्ही मंगळवारच्या भाजीसाठी बटाटे चिरायला बसलो. ते तुम्हाला सांगितलंच.

मंगळवारी सकाळी मशीनला निघायचं तर विलासला उठता येईना. पाय ऐकेनात. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यानं गाडी काढली. विलासचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मधेच म्हणाला, "मामा, दादाशी कोणी भांडू नका." मला वाटलं जुनं बोलतोय. गप्प पड म्हणालो.

कॅज्युअल्टीत छातीला वायरी लावून ईसीजी काढला. हृदय कसं चाललंय ते कागदावर उमटतं. डॉक्टरनं तो कागद बघितला आणि पळापळ सुरू झाली. इंजेक्शन दिलं, मशीन तयार करायला सांगितलं. "पोटॅशियम फार चढलंय. काल काय खाल्लं? केळं? शहाळं? सुका मेवा?"

"नाही हो," मंदा म्हणाली. "आमच्या घरात येतच नाही ते." मग हळू म्हणाली, "बटाट्याची भाजी खाल्ली. एकाच पाण्यातली."

डॉक्टर काही बोलला नाही. मान हलवली आणि आत वळला. तो बोलला असता तर बरं झालं असतं. त्या न बोलण्यानं माझी पोर जागच्या जागी वाळली.

माझा हात विलासच्या हातावर होता, फिस्टुलावर. आत घुरघुर चालू होती, बारीक झाली होती, पण होती. मशीन दाराशी आलं. आणि माझ्या तळव्याखाली घुरघुर थांबली. डॉक्टरांच्या आधी मला कळलं. त्यांनी छाती दाबली, पुष्कळ वेळ दाबली. मी हात काढला नाही. एका सिस्टरनं तो उचलून बाजूला ठेवला.

त्याच दिवशी संध्याकाळी सगळं उरकलं. मंदा रडली नाही. भिंतीशी बसून एकच बोलत होती. "माझी भाजी, आप्पा. मी दुसरं पाणी दिलं असतं तर." ऋतू तिला धरून बसली होती. ती पोरगी आईकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यात मला तोच प्रश्न दिसला. बाप तर गेलाच होता. आता हे एक वाक्य त्या घरात जन्मभर राहणार होतं, आई आणि लेकीच्या मधे.

पुढचं सांगायच्या आधी, तुमच्या घरी कोणी मशीनवर असेल तर ऐकून ठेवा. शनिवारनंतर मशीन थेट मंगळवारी. मधले दोन दिवस कोरे. सोमवारी माणूस सगळ्यात भरलेला असतो, आणि सोमवारीच त्याला वाटतं की उद्या मशीन आहेच, आज थोडं चालेल. चालत नाही. आणि जे भेटायला येतात त्यांना दारातच सांगा. पाहुण्याला वाईट वाटलं तर वाटू दे.

बुधवारी सकाळी मी उठलो. चहाच्या आधी हात आपोआप पुढं गेला, मग मागं घेतला. घर लोकांनी तुडवलं होतं, झाडून काढावं म्हणून गॅलरीत झाडू आणायला गेलो. झाडूमागं, वॉशिंग मशीनच्या आडोशाला, एक काळी पिशवी होती. गाठ मारलेली. उघडली. आत दोन शहाळी. दोन्ही रिकामी. दोन्हीत एकेक स्ट्रॉ.

आमच्या घरात शहाळं येत नाही, मंदा खरं बोलली होती. आजारी माणसाला बघायला जाताना शहाळं नेतात, सगळ्या महाराष्ट्रात नेतात. त्याच्याइतकं थंड, त्याच्याइतकं चांगलं काही नाही असं सगळ्यांना वाटतं. किडनीच्या माणसाला ते विष. पोटॅशियम ठासून भरलेलं. विलासला हे पाठ होतं. तरी दोन वर्षांनी भाऊ दारात आला, हातात शहाळी घेऊन. नको म्हणवलं नसेल त्याला. मंदाला कळलं तर ती दादाला दारात उभं करणार नाही, म्हणून पिशवी लपवली. गाडीत काय बोलला ते मला तेव्हा समजलं.

मी ती पिशवी घेऊन बाहेरच्या खोलीत आलो. विलासचा भाऊ चटईवर बसला होता, शेजाऱ्यांनी आणलेला चहा हातात घेऊन. मंदा आणि ऋतू भिंतीशी. मी पिशवी मंदापुढं ठेवली आणि पिशवीचं तोंड उघडं केलं.

"बघ," म्हणालो. "तुझी भाजी नव्हती."

भाजीनंही थोडं चढलं असेल. डॉक्टरला विचारलं तर तो तसंच सांगेल. मी विचारायला जाणार नाही.

भावानं चहा खाली ठेवला. "मामा, आईशपथ, मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "तो काही बोललाच नाही. आजारी माणसाकडे रिकाम्या हातानं कसं यायचं?"

"दोन वर्षं रिकाम्या हातानं आला असतास तरी चाललं असतं," मी म्हणालो.

विलासनं भांडू नका म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. पोर माझी होती.

मंदानं पिशवीत हात घातला, एक स्ट्रॉ काढली, बघितली, परत ठेवली. मग भावाला विचारलं, "भावजी, पिताना ते काय म्हणाले?"

"म्हणला, दादा, किती दिवसांनी पोटभर."

तेव्हा मंदा रडली. ऋतूनं तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. मी तिथं थांबलो नाही.

स्वयंपाकघरात सोमवारचं पातेलं तसंच होतं. झाकण काढलं. पाण्यावर फेस आला होता, आंबूस वास सुटला होता. मार्केटात पोत्यातून घरंगळलेला बटाटासुद्धा मी उचलून परत पोत्यात टाकायचो. आज पातेल्यातले सगळे कचऱ्यात ओतले. पातेलं घासलं, पालथं घातलं.

मग तहान लागली. तांब्या भरला, बाहेर जिन्यात गेलो, दार ओढून घेतलं आणि उभ्यानंच पाणी प्यालो.